हँडब्रेक वर वर यायला लागला की आधी ड्रम उघडा, नट मग पिळा

ताई, तुमचा प्रश्न असा: गाडी आठ वर्षांची, पेट्रोलवरची छोटी हॅचबॅक, मागे ड्रम ब्रेक. घर पाचगणीला, अंगण उताराचं. हँडब्रेक आधी पाच-सहा खटक्यांत पक्का धरायचा, पुढे तो दहापर्यंत वर यायला लागला आणि एका रात्री गाडी मागे सरकत फाटकाला टेकली. गॅरेजमध्ये लिव्हरखालचा, केबल ताणायचा नट पिळून दहा मिनिटांत गाडी परत मिळाली. महिनाभर बरं चाललं. आता मागचं डावं चाक गरम होतं, जळका वास येतो आणि हँडब्रेक पुन्हा वर यायला लागलाय. 'केबल ताणली, बदला' असं सांगितलंय, तर बदलायची का?

आज लगेच बदलू नका. आधी तो नट सैल करून घ्या आणि मागचे दोन्ही ड्रम उघडायला सांगा. केबल खराब निघण्याची शक्यता आहेच, डाव्या बाजूची तर जास्तच. पण हँडब्रेक वर येण्याचं मूळ बहुतेक वेळा केबलमध्ये नसतं, ड्रममध्ये असतं. नट पिळून ते मूळ झाकलं जातं आणि त्यावर नवा बिघाड उभा राहतो. तुमच्या गाडीत नेमकं तेच झालेलं दिसतंय.

आत काय घडतं ते समजलं की गॅरेजमध्ये काय विचारायचं ते आपोआप कळेल, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पायाचा ब्रेक ब्रेक ऑइलच्या दाबावर चालतो. हँडब्रेकला ऑइल लागत नाही, इंजिनही लागत नाही. तो पूर्णपणे तारेवर चालतो, सायकलच्या ब्रेकसारखा. तुम्ही लिव्हर ओढता, लिव्हरच्या बुडाशी दातेरी पट्टी असते, तिच्यावर एक खटका दातादातावर बसत जातो आणि तोच 'कट कट' आवाज येतो. बटण दाबलं की खटका दातातून सुटतो. लिव्हरपासून निघालेली ओढ मधल्या एका पट्टीवर येते, तिला आम्ही इक्वलायझर म्हणतो. तिचं काम एकच, डाव्या-उजव्या केबलला सारखी ओढ वाटून देणं. तिथून दोन केबली गाडीच्या पोटाखालून मागच्या चाकांकडे जातात.

ड्रम म्हणजे चाकाबरोबर फिरणारी लोखंडी डबी. तिच्या आत दोन अर्धगोल शू असतात, त्यांच्यावर लायनर, म्हणजे घासून पकड धरणारा थर, चिकटवलेलं. मागच्या शूला वरच्या बाजूला पिनेवर फिरणारी एक चपटी लोखंडी पट्टी जोडलेली असते आणि केबलचं टोक तिच्या खालच्या आकड्यात अडकवलेलं असतं. केबलने पट्टी खालून ओढली की ती वर दोन शूंच्या मधल्या आडव्या दांडीला रेटते, शू फाकतात आणि लायनर ड्रमच्या आतल्या भिंतीला चिकटतं. हँडब्रेक खाली केला की केबल सैल पडते, स्प्रिंग शूंना जवळ ओढतात आणि ती पट्टी मागे जाऊन शूवरच्या आपल्या टेकूवर बसते. हा टेकू लक्षात ठेवा, सगळी गोम तिथेच आहे.

जोराचा अंदाज हवा असेल तर साधं गणित आहे. माणसांसकट १२०० किलोची गाडी, रस्त्याचा चढ दर सहा फुटांना एक फूट. अशा चढावर गाडीला खाली ओढणारा जोर वजनाच्या एक षष्ठांश, म्हणजे सुमारे २०० किलोंचा. तुमच्या हाताचा जोर फार तर वीस-पंचवीस किलोंचा. तो आधी लिव्हरच्या लांबीने वाढतो, मग ड्रममधल्या पट्टीने वाढतो, तेव्हा कुठे गाडी थांबते. हा जोर रात्रभर, माणूस नसताना, दोन तारांवर आणि चार लायनरवर असतो. वाटेत केबल घासत असेल, पिन गंजलेली असेल, तर तेवढा जोर वाटेतच जिरतो. लिव्हर हाताला घट्ट लागते आणि चाकावर मात्र काही पोचत नाही.

आता खटके का वाढतात ते पाहू. गाडी चालेल तसं लायनर झिजतं. झिजलं की लायनर आणि ड्रममधली फट वाढते, ती भरून काढायला केबलच्या टोकाच्या पट्टीला जास्त फिरावं लागतं, म्हणजे लिव्हर जास्त वर येते. ही फट आपोआप कमी करायला ड्रममध्ये ॲडजस्टर असतो. मधल्या आडव्या दांडीवर दातेरी चक्री किंवा दातेरी पट्टी असते आणि फट ठरावीक मर्यादेबाहेर गेली की ती एक दात पुढे सरकते. दांडी तेवढी लांब होते, शू तेवढे बाहेर येऊन बसतात. काही गाड्यांत हे पायाचा ब्रेक दाबताना होतं, काहींत रिव्हर्समध्ये ब्रेक मारताना, काहींत हँडब्रेक ओढताना-सोडताना. तिसऱ्या प्रकारची गाडी असेल आणि माणूस कायम नुसती गिअरमध्ये टाकून उभी करत असेल, तर त्याच्या मागच्या ब्रेकचं ॲडजस्टमेंट कधी होतच नाही. असे मालक सांगतात की 'हँडब्रेक तर मी वापरतच नाही, मग खराब कसा झाला?' न वापरल्यानेच होतो. पायाच्या ब्रेकचं पॅडलही हळूहळू खाली जायला लागतं.

आमच्या वाईच्या भागात ॲडजस्टर अडकण्याचं कारण बहुतेक वेळा पाणी आणि माती. पसरणी घाट चढून वर पाचगणीकडे गेलात की पावसाळ्याचे महिने गाडी ओलीच असते, जांभ्याची तांबडी माती ड्रम मागून झाकणाऱ्या बॅकप्लेटच्या फटीतून आत जाते आणि ब्रेकच्या काळ्या भुकटीत मिसळून थर धरते. उघडलेल्या ड्रममध्ये चक्रीचे दात त्या थरात असे बुजलेले असतात की बोटाने चक्री फिरत नाही. पान्याने फिरवली की एकदम कट्ट करून सुटते आणि दातांतून तांबडं पीठ पडतं. अशी चक्री काढून, ब्रशने घासून, आटे साफ करून, उष्णतेला टिकणारं ब्रेकचं ग्रीस अगदी नखभर लावून परत बसवली की निम्मं काम झालं. साधं ग्रीस तिथे चालत नाही. ते तापून वितळतं आणि लायनरवर येतं.

आता नट पिळल्याने काय होतं ते सांगतो. नट पिळला की केबल आखूड होते. फट तशीच राहते, पण ड्रममधली पट्टी टेकूवरून उचलली जाते आणि अर्धवट ओढलेल्या अवस्थेत राहते. म्हणजे हँडब्रेक खाली असला तरी आत थोडा लागलेलाच आहे. लिव्हर पाच खटक्यांत धरते, गाडी परत घेऊन जाणारा खूश होतो. पण पट्टी टेकूवर बसत नसल्यामुळे मधल्या दांडीवर कायम ताण राहतो, आणि ताणाखाली ॲडजस्टरची चक्री बऱ्याच गाड्यांत फिरत नाही. जो ॲडजस्टर कसाबसा चालत होता तोही बंद. लायनर घासत राहतं, तापतं, झिजतं, खटके पुन्हा वाढतात, आणि कोणीतरी नट आणखी दोन वेढे पिळतं. असं दोन-तीनदा झालेल्या गाडीत लायनर शूच्या लोखंडापर्यंत गेलेलं असतं, ड्रम आतून निळसर पडलेला असतो आणि व्हील सिलिंडरचं, म्हणजे ऑइलच्या दाबाने शू फाकवणाऱ्या नळकांड्याचं, रबर शिजून ऑइल झिरपायला लागलेलं असतं. म्हणजे हँडब्रेकवरून सुरू झालेली गोष्ट पायाच्या ब्रेकपर्यंत पोचते. यासाठीच मी इतका आग्रह धरतो.

तुमचं डावंच चाक गरम होतं, उजवं नाही. यावरून माझा अंदाज असा की उजव्या बाजूचा ॲडजस्टर अडकलाय, तिथे फट मोठी आहे. आणि डावी केबल ओढली तर जाते, पण पुरती परत येत नाही, किंवा ड्रममधल्या पट्टीची पिन गंजलीय. नट पिळल्यावर डावी बाजू घासत राहिली, उजवी बाजू मात्र अजून धरतच नाही. तपासणं सोपं आहे. केबल ड्रमकडून सोडवून हाताने आत-बाहेर ओढायची. चांगली केबल दोन बोटांनी सरकते. गंजलेली किरकिरते, मध्येच अडते. बाहेरच्या आवरणाच्या टोकाला रबराची टोपी असते, ती फाटलेली असेल तर तिथूनच पाणी शिरलंय. तारेचे एक-दोन धागे तुटून उभे राहिलेले दिसले, तर विचार करायचा नाही, केबल बदलायची, आणि दोन्ही बाजूंची एकदम बदलायची. एक नवी, एक जुनी ठेवली तर ओढ सारखी राहत नाही. अडलेल्या केबलमध्ये तेल सोडून दिवस काढायची सवय काही ठिकाणी आहे. हल्लीच्या बऱ्याच केबलींना आतून प्लास्टिकचं अस्तर असतं, ते फाटून गंज धरल्यावर तेलाने काही दिवस सरकेल, पण धूळ आणखी चिकटेल.

काम कोणत्या क्रमाने व्हायला हवं ते आता सांगतो. क्रम महत्त्वाचा. सपाट जागा, पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे, मागची बाजू जॅकने उचलून लोखंडी घोड्यांवर, म्हणजे स्टँडवर. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली हात घालू देऊ नका. हँडब्रेक पूर्ण खाली, लिव्हरखालचा नट इतका सैल की दोन्ही केबली ढिल्या पडतील. मग ड्रम काढायचे. आतली भुकटी कॉम्प्रेसरच्या हवेने उडवायची नाही. ती फुप्फुसात जाते, आणि जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. गॅरेजमधली मुलं रोज हे काम करतात, त्यांच्यासाठी तरी ब्रेक क्लीनरने किंवा पाण्याने ओलं करून पुसायला सांगा.

मग पाहायचं: लायनर किती जाड उरलंय, दोन्ही बाजूंना सारखं झिजलंय का, त्यावर ऑइल किंवा ग्रीसचे डाग आहेत का. डाग असेल तर व्हील सिलिंडर किंवा हबचं सील गळतंय. ते आधी दुरुस्त करायचं आणि ऑइल प्यालेलं लायनर बदलायचंच. पेट्रोलने धुऊन, घासून ते पुन्हा बसवलं तर थंड असताना धरेल आणि गरम झालं की घसरेल. ड्रमला आतून कडेला धार आली असेल तर व्यास मोजायचा. कमाल किती चालतो ते बहुतेक ड्रमवरच कोरलेलं असतं. त्याच्या आत असेल तर लेथवर कापून घेता येतो, बाहेर गेला असेल तर नवा. स्प्रिंग ताणलेल्या दिसल्या तर शूबरोबर त्याही बदला. किंमत किरकोळ, काम मोठं.

सगळं साफ करून बसवताना दोन्ही पट्ट्या आपापल्या टेकूवर बसल्यात हे डोळ्यांनी पाहायचं. हे न पाहता ड्रम बंद करू देऊ नका. मग फट जमवायची. चक्रीचा ॲडजस्टर असेल तर ती फिरवत शू बाहेर आणायचे, ड्रम अलगद आत गेला पाहिजे आणि हाताने फिरवल्यावर कुठेतरी हलकं 'सर्र' ऐकू आलं पाहिजे. नंतर इंजिन चालू करून पायाचा ब्रेक पंधरा-वीस वेळा दाबायचा म्हणजे शू मध्यभागी बसतात, आणि रिव्हर्सवर किंवा हँडब्रेकवर चालणारा ॲडजस्टर असेल तर ते करायचं. एवढं झाल्यावर बऱ्याच गाड्यांत हँडब्रेक नटाला हात न लावताच जागेवर येतो.

नटाची पाळी सगळ्यात शेवटी. गाडी घोड्यांवरच हवी, रिव्हर्ससाठी खाली घेतली असेल तर पुन्हा चढवून. लिव्हर एक खटका ओढायची, दोन्ही चाकं मोकळी फिरायला हवीत. दोन-तीन खटक्यांना हलकं घासणं सुरू व्हावं, दोन्हीकडे एकाच वेळी. पाच-सहाच्या आसपास चाक दोन्ही हातांनी हलता कामा नये. नेमका आकडा प्रत्येक गाडीचा वेगळा असतो, तो तुमच्या गाडीबरोबर आलेल्या पुस्तकात पाहा आणि तोच धरा. लिव्हर ओढल्यावर इक्वलायझरची पट्टी तिरकी झाली तर एका बाजूला अजून काहीतरी अडतंय. शेवटी लिव्हर खाली सोडून चाकं पुन्हा फिरवायची. पूर्ण मोकळी हवीत. खटके कमी यावेत म्हणून चाक घासत ठेवणं, ही तडजोड कधीच करू नका.

घरी तुम्हाला स्वतःला पाहता येईल अशी तपासणी दर महिन्याला करा. मोकळा, हलका चढ बघा, मागे कोणी नाही याची खात्री करा. पायाचा ब्रेक दाबलेला, गाडी न्यूट्रलमध्ये, नेहमीच्या जोराने हँडब्रेक ओढा, खटके मोजा आणि पाय हळूहळू उचला. गाडी सरकली नाही तर ठीक. मग सपाट जागी हँडब्रेक सोडून गाडी हाताने ढकलून पाहा, सहज हलली पाहिजे. खटके महिन्यागणिक एकेक वाढत असतील तर लायनर किंवा ॲडजस्टर. एका दिवसात पाचचे दहा झाले तर केबल तुटली किंवा आकड्यातून निसटली. लिव्हर जड लागते आणि तरी गाडी धरत नाही, तर केबल गंजली. खटके बरोबर, लिव्हर हलकी आणि तरी गाडी सरकते, तर लायनरवर ऑइल.

डॅशबोर्डवरच्या लाल दिव्यावर मात्र विसंबू नका. त्याचा स्विच लिव्हरपाशी असतो. लिव्हर उचलली की दिवा लागतो, चाक धरलं की नाही ते त्याला कळत नाही. आणि हँडब्रेक पूर्ण खाली असताना दिवा लागलेला राहिला तर बोनेट उघडून ब्रेक ऑइल पाहा. बऱ्याच गाड्यांत ऑइलची पातळी घटल्याचा इशाराही तोच दिवा देतो.

उतारावर गाडी लावायची पद्धतही सांगतो, कारण तुमच्याकडे रोजचंच आहे. पायाचा ब्रेक दाबून ठेवा, न्यूट्रल करा, हँडब्रेक ओढा, पाय अलगद उचलून गाडीचा भार हँडब्रेकवर येऊ द्या. मग पुन्हा ब्रेक दाबून इंजिन बंद करा आणि गिअर टाका. नाक चढाकडे असेल तर पहिला, उताराकडे असेल तर रिव्हर्स. ऑटोमॅटिकमध्येही आधी हँडब्रेक, त्यावर भार आला की मग 'पी', आणि नंतर इंजिन बंद. आधी 'पी' टाकला तर सगळा भार गिअरबॉक्समधल्या एका छोट्या खिट्टीवर येतो आणि काढताना धाडकन आवाज होतो. बहुतेक एएमटी, म्हणजे साध्या गिअरबॉक्सचे गिअर आपोआप बदलणाऱ्या, गाड्यांना 'पी' नसतो, तिथे गिअरमध्ये ठेवूनच इंजिन बंद करायचं. पुढची चाकं भिंतीकडे किंवा कठड्याकडे वळवून ठेवा. शक्य असेल तर नाक चढाकडे करून लावा, कारण तेव्हा गाडीचा भार मागच्या चाकांवर येतो आणि हँडब्रेक तिथेच आहे. नाक उताराकडे असलं की मागची चाकं हलकी होतात, आणि ओल्या शेवाळलेल्या फरशीवर लॉक झालेलं चाकसुद्धा घसरतं. अशा जागी ठोकळा लावायचा. सार्वजनिक जागी ड्रायव्हर जागेवर नसताना गाडी आपोआप हलणार नाही याची काळजी घेणं हे मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १२६ प्रमाणेही चालकावरच येतं.

पावसाळ्यात एक उलट अडचण येते. ओली गाडी हँडब्रेक लावून चार-आठ दिवस उभी राहिली की लायनर ड्रमला गंजाने चिकटतं. सपाट जागा असेल तर इतक्या दिवसांसाठी गिअर आणि ठोकळे पुरेत, हँडब्रेक सोडून ठेवा. लावण्यापूर्वी दोन-चारशे मीटर हलके ब्रेक मारत आलात तर ड्रम कोरडे होतात. चिकटलाच तर पहिला आणि रिव्हर्स आलटून-पालटून हलके झोके द्या, किंवा चाक काढून ड्रमवर लाकडी हातोडीने ठोका. रेस देऊन ओढून काढायला गेलं तर लायनर शूवरून उपटून येतं.

मागे डिस्क ब्रेक असलेल्यांसाठी थोडक्यात. बऱ्याच गाड्यांत हँडब्रेकची केबल थेट कॅलिपरवर, म्हणजे डिस्कला दोन्ही बाजूंनी पॅडने चिमटणाऱ्या भागावर, येते. तिथे घाट उतरून आल्यावर तापलेली डिस्क थंड होताना आकसते आणि पकड थोडी सैल होते. म्हणून गाडी गिअरमध्ये हवीच, आणि थोड्या वेळाने लिव्हर आणखी एक खटका ओढावी. ड्रममध्ये उलट होतं, थंड होताना ड्रम शूवर आवळतो. इलेक्ट्रिक हँडब्रेकला नट नसतो. त्याचे पॅड बदलताना स्कॅनरने किंवा पुस्तकातल्या पद्धतीने आधी मोटर मागे घ्यावी लागते. पिस्टन शिकंजाने दाबून बसवला तर मोटरचा स्क्रू मोडतो.

तोवर तुमच्या गाडीचं: डावं चाक गरम होतंय तितके दिवस घाट उतरू नका, उतरावंच लागलं तर नट सैल करून, खालच्या गिअरमध्ये आणि पायाच्या ब्रेकवर. नट सैल असताना गाडी फक्त सपाटीला, गिअरमध्ये आणि ठोकळे लावून उभी करा. गॅरेजमध्ये सांगा की नट मूळ जागी आणा, दोन्ही ड्रम माझ्यासमोर उघडा, ॲडजस्टर आणि पट्टीची पिन हाताने फिरवून दाखवा, केबली दोन बोटांनी ओढून दाखवा. नवे शू टाकले तर ते ड्रमला बसायला थोडं चालणं लागतं, म्हणून चार-पाचशे किलोमीटरनंतर खटके पुन्हा मोजा. एखादा खटका वाढला असेल तर तेव्हाही आधी ड्रमची फट बघायला सांगा, नट नंतर.